बुडीत खाते

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. तीन पिढ्या पुण्यात धान्याचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर दिवाणखान्यात सगळे जमले होते. घरातील वडीलधारे, ज्यांना घरचे आणि बाजारातले सारेच 'बाबूजी' म्हणतात, त्यांच्या विवाहाला मार्गशीर्षात पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त मुलांनी आईवडिलांना परदेशी न्यायचे ठरवले होते. कोठे न्यायचे एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी नात मोबाइल उघडून बसली होती.

तिने मोठ्या कष्टाने यादी तयार केली होती. जन्मात एकदा तरी पाहावीत अशी जगातील दृश्ये. नॉर्वेतील गायरांगरची खाडी, हिमनद्यांनी डोंगर कोरून केलेली, जागतिक वारसा म्हणून २००५ पासून नोंदलेली. स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनची दरी, जिच्या दोन्ही भिंतींवरून बहात्तर धबधबे पडतात असे सांगितले जाते. न्यूझीलंडमधील मिलफर्ड साउंड. नायगरा तर होताच. सोबत स्वयंपाकाला आपले महाराज असतात, कांदा-लसूण आणि कंदमूळ वर्ज्य, चौविहाराची वेळ सांभाळली जाते, अशा सहली आता सर्रास निघतात. तेव्हा तीही अडचण नव्हती.

यादीतील पाचवे चित्र पाहून बाबूजींनी हात पुढे केला. ते चित्र इटलीच्या उत्तर टोकाचे, आल्प्स पर्वतातील रेझिया सरोवराचे होते. निळेशार पाणी, मागे बर्फाची शिखरे, आणि पाण्याच्या मधोमध एकटाच उभा असलेला एका चर्चचा दगडी मनोरा.

"ह्याच्या खाली काय आहे?" बाबूजींनी विचारले.

नातीने खालचा मजकूर वाचून दाखवला. तिथे ग्राउन नावाचे गाव होते. विजेसाठी धरण बांधले गेले आणि १९५० मध्ये ते गाव पाण्याखाली गेले. दीडशेहून अधिक घरे बुडाली. चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा राहू दिला. आता लोक लांबून तो पाहायला येतात आणि हिवाळ्यात सरोवर गोठले की चालत त्याच्यापर्यंत जातात.

बाबूजी काही वेळ ते चित्र पाहत राहिले. तेवढ्यात बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, शांतपणे सांगितले की यादी छान आहे, पण आपल्याला येता येणार नाही. बारा वर्षांपूर्वी एका चातुर्मासात त्यांनी दिशांची मर्यादा घेतली होती. भारताबाहेर पाऊल टाकायचे नाही असा नियम होता. घरात ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि सर्वजण ती विसरले होते. मुलाने चाचपून पाहिले, "आगार ठेवला असेल ना काही?" बाई म्हणाल्या, "मुलानातवंडांच्या आजारपणाचा ठेवला आहे. फिरण्याचा नाही."

बाबूजी एकटे जाण्याचा प्रश्नच नव्हता. मग काश्मीर, मग केरळ अशी नावे निघू लागली. त्या सगळ्यांना मध्येच थांबवून बाबूजी म्हणाले, "मुळशीला जाऊ."

सगळे हसले. त्यात त्यांचा काही दोष नाही. पुणेकराच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यातल्या रविवारी वाहनांच्या रांगेत उभे राहून, भाजलेले कणीस खाऊन, भिजून परत येण्याचे ठिकाण. पन्नास वर्षांच्या संसाराचा सोहळा करायचा आणि जायचे कोठे, तर घरापासून दीड-दोन तासांवर! नातवाला तर वाटले, बाबूजी खर्चाकडे पाहून बोलत आहेत.

*

मुळशीचे दृश्य या यादीत बसण्यासारखे आहे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवून आधी ते दृश्य कसे आहे ते सांगितले पाहिजे. पुण्याहून पश्चिमेला निघाले की चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड अशी गावे मागे टाकत रस्ता सह्याद्रीच्या दिशेने चढू लागतो. पुढे मुळा नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले एक प्रचंड जलाशय लागते. त्याचे हात दऱ्यादऱ्यांत गेलेले असल्यामुळे ते एका नजरेत कधीच मावत नाही. रस्ता त्याच्या काठाने बराच वेळ जातो, आणि मग ताम्हिणी घाटात कड्यावरून एकदम कोकणात उतरतो. पुणे शहरात वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीत त्याच्या कित्येक पटींनी पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कड्यांवरून किती धारा कोसळतात त्याची मोजदाद करण्याच्या भानगडीत कोणी पडलेले नाही. लाउटरब्रुनेनकरांना आपले धबधबे मोजून ठेवता आले. आपल्याकडे आज जिथे धबधबा आहे तिथे डिसेंबरात कोरडा काळा दगड असतो. पिंपरी गावाजवळ कुंडलिकेची दरी एका कड्यावरून दिसते. धुके फाटले तर दिसते, एरवी समोर नुसती पांढरी भिंत. घाटमाथ्यावरचा पावसाळा इतका जवळ असूनही जे तो पाहत नाहीत त्यांचे काहीतरी हुकते, यात शंका नाही.

मात्र बाईंनी तो कधीच पाहिला नव्हता. चातुर्मासात गाव सोडायचे नाही, ओल्या हिरवळीवरून, जिथे पावलागणिक जीवजंतू असतात तिथून, हौसेखातर चालायचे नाही, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा परिपाठ. म्हणजे मुळशी ज्या महिन्यांत सर्वांत देखणी असते नेमके ते महिने त्यांच्यासाठी बंद. नातीने महाविद्यालयाच्या सहलीत काढलेली छायाचित्रे त्यांनी कौतुकाने पाहिली होती, इतकेच.

जलाशयाकडे पाहणाऱ्या बहुतेकांना ते निसर्गाने केलेले सरोवर वाटते. ते तसे नाही, हे मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने आधी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर चालू केले, मग आंध्र खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे, आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे. मुळा नदी मुळात पूर्ववाहिनी. तिचे पाणी पुण्याहून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचे. ते सह्याद्रीच्या माथ्यावर अडवून, डोंगरातून पश्चिमेला वळवून, सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडले की त्या पडण्याची वीज होते. काम झालेले पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. कोलाडला कुंडलिकेत रबरी होड्यांची जी मौज चालते, तीही या सोडलेल्या पाण्यावरच. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा पराक्रमच होता, आणि भारतीय भांडवलाचा होता, याचा त्या काळी अभिमानही वाटत होता.

त्या पाण्याच्या जागी आधी सुमारे पन्नास गावे होती. मावळातील सर्वांत सुपीक भातखाचरे त्यांत होती. भात शिजू लागले की आंब्याच्या मोहोराचा वास सुटतो म्हणून ज्याचे नाव आंबेमोहोर, ते तिथले पीक. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेऊन कंपनीला द्यायचे ठरवले तेव्हा शेतकऱ्यांना पैसा नको होता, जमीन हवी होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले. मावळ्यांनी तुरुंगवास सोसला, बायकाही मागे राहिल्या नाहीत. शेवटी बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९२४ च्या अखेरीस लढा संपला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर ग्रंथ लिहिला आहे. धरणाविरुद्धचा जगातील पहिला लढा असे त्यांनी त्याचे वर्णन केले.

योगायोग असा की याच वर्षांत अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या जंगलात, हेच हेची नावाच्या दरीत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी धरण उभे राहत होते. १९१३ मध्ये तिथल्या संसदेने त्याला मंजुरी दिली आणि १९२३ मध्ये ते पुरे झाले. निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांनी त्याविरुद्ध जिवाचे रान केले. देवाने घडवलेली सुंदर दरी बुडवू नका, हे त्यांचे म्हणणे होते. मुळशीच्या शेतकऱ्याने सौंदर्याचा उल्लेख केल्याचे कोठे आढळत नाही. तो भाताविषयी बोलत होता. आपले खोरे देखणे आहे हे त्याला ठाऊक नसेल असे मात्र समजू नये.

*

बाबूजींनी मुळशीचे नाव काढले त्यामागे त्यांचे एक जुने देणे होते.

त्यांच्या आजोबांचे पौडला दुकान होते. मीठ, गूळ, कापड, तेल विकायचे, भात विकत घ्यायचे, आणि नडीअडचणीला शेतकऱ्याला रक्कम द्यायची. आपल्या समाजातील अनेक घराण्यांचा व्यवसाय असाच उभा राहिला आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि मिरवण्यासारखेही फारसे नाही. बाबूजी बारा वर्षांचे असताना दिवाळीच्या वहीपूजनाला वडिलांनी त्यांना प्रथमच जवळ बसवले आणि जुन्या वहीतील शिल्लक नव्या वहीत उतरवायला सांगितली. वडील सांगत गेले, मुलगा लिहीत गेला. सर्वांत शेवटची ओळ रुपयांची नव्हती. एका माणसाचे नाव, गावाचे नाव, आणि पुढे 'ठेव, आंबेमोहोर बी, पायली १'.

मुलाने विचारले, हे काय? वडील म्हणाले, "एकाची ठेव आहे आपल्याकडे. तो आला की द्यायची." तो कधी येणार, हे त्यांनी सांगितले नाही.

पुढे पंचविशीत असताना बाबूजींनी माळ्यावरच्या वह्या खाली काढल्या. जुने कागद मोडीत होते. दुकानातल्या एका वयोवृद्ध मुनीमजींकडून ते वाचून घेतले. त्या शेतकऱ्याचे खाते सापडले. १८० रुपये कर्ज, खाचर गहाण, व्याजाची आकारणी, अधूनमधून भाताच्या रूपाने जमा. मग एका पानावर मोठी रक्कम जमा झालेली होती: सरकारी भरपाईतून वसूल. जमीन गहाण असल्यामुळे भरपाईचा पैसा आधी सावकाराकडे आला होता. उरलेली थोडी बाकी आजोबांनी 'बुडीत' म्हणून सोडून दिली होती आणि खाते बंद केले होते. त्याच पानाच्या तळाशी ती ओळ होती. गाव सोडताना त्या माणसाने एक पायली बियाणे दुकानात आणून ठेवले होते. जमीन मिळाली की घेऊन जाईन, असे तो म्हणाला होता, एवढे मुनीमजींना त्यांच्या वडिलांकडून ऐकून माहीत होते.

ज्यांनी उभे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत घालवले त्यांना हे पान वाचताना एक गोष्ट जाणवेल. 'बुडीत' हा शब्द आपल्या व्यवहारात वसूल न होणाऱ्या येण्यासाठी वापरतात, आणि धरणाच्या कागदपत्रांत पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीलाही 'बुडीत क्षेत्र' म्हणतात. त्या पानावर दोन्ही एकत्र आले होते. आजोबांनी कायद्याबाहेरचे काही केले नाही. व्याज ठरल्याप्रमाणे घेतले, बाकी सोडली, ठेव लिहून ठेवली. हिशेबात एक पैशाची चूक नव्हती. तरीही कर्ज फिटले ते जमीन गेल्यामुळे फिटले, आणि एरवी ते पैसे परत यायला बहुधा वीस वर्षे लागली असती, हेही त्याच हिशेबातून दिसत होते. याच भांडवलावर पुण्यात पहिली पेढी निघाली.

बियाणे अर्थात केव्हाच संपले असणार. भाताचे बी दोन-तीन वर्षांपलीकडे उगवत नाही. आजोबांनी ते विकून आठ-दहा आणे जमा धरले असते तर कोणी बोट दाखवले नसते. त्यांनी तसे केले नाही. नोंद पायलीतच ठेवली, आणि दरवर्षी ती नव्या वहीत उतरवली. मुदतीच्या कायद्याने अशी देणी थोड्याच वर्षांत मरतात. बँकेत दहा वर्षे कोणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. मालक किंवा वारस पुढे केव्हाही आला तर त्याचा हक्क मात्र शाबूत असतो. बँकांना हा नियम २०१४ मध्ये लागू झाला. पौडच्या त्या दुकानदाराने तो आधीच पाळला होता.

दुकानाचे हिशेब संगणकावर गेले तेव्हा ही ओळ गळाली. मुलाने विचारले होते की ही नोंद कोणत्या खात्यात दाखवायची, आणि सनदी लेखापालांना काय सांगायचे. बाबूजींनी तेव्हा वाद घातला नाही. ती ओळ त्यांनी पूजेच्या लाल वहीत, स्वतःच्या हाताने, दरवर्षी लिहिणे चालू ठेवले. ते सारे त्या रात्री त्यांनी प्रथमच नातवंडांना सांगितले.

*

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, आणि त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी दोन गाड्या निघाल्या. नवकारसीनंतर पौडच्या अलीकडे थांबून दशम्या आणि चहा झाला. पौडला बाबूजी उतरले. दुकानाची जागा त्यांना लहानपणी दाखवलेली होती; तिथे आता मोबाइल दुरुस्तीचा गाळा आहे. ते एक मिनिट उभे राहिले आणि गाडीत येऊन बसले.

नोव्हेंबरातली मुळशी जाहिरातीतल्या मुळशीसारखी नसते. धुके नाही, धबधबे आटलेले. डोंगरांवरचे गवत पिवळे पडून उन्हात तांब्यासारखे चमकत होते. रस्त्याकडेच्या खाचरांत कापलेल्या भाताचे भारे पडले होते आणि खळ्यांवर झोडणी चालली होती. पाणी एकदम समोर आले नाही. आधी झाडांमधून एक निळी रेघ दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली, आणि एका वळणावर पूर्ण उघडले. पावसाळ्याने काठोकाठ भरलेले, वारा नसल्याने स्थिर, त्यात पलीकडचे डोंगर उलटे. दूर कैलासगडाचा माथा. आभाळ इतके स्वच्छ की पश्चिमेकडच्या कड्यांच्या घड्या मोजता येत होत्या. पावसाळी गर्दीला हे दृश्य कधी दिसत नाही, कारण तेव्हा इथे ढगच असतात.

नातवाने गाडी थांबवायला सांगितली. बाई खाली उतरल्या, काठावरच्या कठड्याशी गेल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "कोणत्या बाजूला होतं ते गाव?"

वहीतल्या गावाचे नाव आज नकाशावर सापडत नाही. त्याच नावाची एक वाडी काठावर वरच्या अंगाला वसलेली आहे, एवढी माहिती बाबूजींनी काढली होती. विचारत विचारत ते तिथे पोचले. पंधरा-वीस घरे, एक शाळा, एक मारुतीचे देऊळ. खळ्यावर एक म्हातारा आणि त्याची सून भात झोडत होते. बाबूजींनी नाव सांगितले. आडनाव मावळात घरोघर आढळणारे, नावही तसेच.

म्हाताऱ्याने हातातला पेंढा खाली ठेवला. "ह्या नावाची तीन घरं व्हती म्हनं बुडालेल्या गावात. माझा आजा सांगायचा. एक वर सरकलं, ते आमी. एक मुंबईला गेलं, गिरनीत. तिसऱ्याचं काय झालं ते कुनालाच ठावं न्हाई."

बाबूजींनी सगळी हकीकत सांगितली. मुलाने पिशवीतून एक पाकीट काढून ठेवले होते. त्यात काय रक्कम घातली हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. म्हाताऱ्याने पाकिटाकडे पाहिलेही नाही. त्याने विचारले ते वेगळेच.

"तुमच्या वहीत बापाचं नाव हाय का त्याच्या?"

नव्हते. बाबूजींनी तीनदा पाहिले होते. फक्त नाव, आडनाव आणि गाव.

"मंग कसं घेनार शेट? आमच्या आज्यानं कुटं बी ठिवल्याचं कदी बोलल्याचं ध्यानात न्हाई. दुसऱ्या घरची आसंल तर? त्याचा नातू उद्या आला म्हंजे?"

यावर काही बोलण्यासारखे नव्हते. मुलाने पाकीट परत पिशवीत ठेवले. ते ठेवताना त्याचा चेहरा पडला होता, कारण पैसे देणे त्याला त्या क्षणी सोपे वाटत होते. मारुतीच्या देवळाला देऊ का, असे त्याने हलकेच विचारून पाहिले. बाबूजी म्हणाले, ती वेगळी गोष्ट आहे. द्यायची असेल तर दे, पण या खात्यात धरू नकोस.

सुनेने पाणी आणले. ते गाळून घेता येईल का असे बाईंनी संकोचाने विचारले तेव्हा तिने काही न बोलता पातळाचा स्वच्छ तुकडा आणून दिला. नातीने विचारले की पायली म्हणजे नेमके किती. म्हातारा हसला. विकताना आता सगळे किलोवरच, म्हणाला, पण घरात माप आहे. सुनेने आतून लोखंडी पायली आणली. कडा झिजलेल्या, एका बाजूला पोचा. नातीने ती दोन्ही हातांत धरून पाहिली. चार शेरांचे माप, तिला वाटले होते त्यापेक्षा मोठे होते.

निघण्याआधी म्हाताऱ्याने त्यांना खळ्याच्या टोकाशी नेले. तिथून जलाशयाचा तोच भाग दिसत होता जो त्यांनी रस्त्यावरून पाहिला होता, फक्त दुसऱ्या बाजूने. त्याने विळ्याने दाखवले. "त्या दोन टेकाडांच्या मधी. आमची खाचरं तिथनं खाली उतरत गेल्याली. मे महिन्यात पानी मागं गेलं की कदीमदी दगडांच्या वळी दिसत्यात. बांध हायत का घराची जोती, आता कोन सांगनार."

सगळे त्या जागेकडे पाहत राहिले. पाण्यावर काहीच खूण नव्हती. रेझियासारखा मनोरा इथे कोणी राखून ठेवलेला नाही. मावळातल्या खेड्यात एवढे उंच काही नव्हतेच. दोन टेकड्यांमधले पाणी बाकीच्या पाण्यासारखेच निळे होते. नातीने छायाचित्र काढले. ते इतर छायाचित्रांहून वेगळे दिसत नाही. कोणाला दाखवले तर ती बोट ठेवून सांगते, इथे.

चौविहारासाठी उजेड असतानाच जेवायला हवे म्हणून परतीच्या वाटेवर जलाशयाच्या काठी सतरंजी अंथरून डबे उघडले. थेपले, छुंदा, दही-बुंदी. सूर्य कड्यांकडे झुकला तसे पाणी आधी पिवळे, मग करडे झाले. बाई सूर्य डोंगराआड जाईपर्यंत तिथेच बसून होत्या. पन्नास वर्षांचा सोहळा तो एवढाच झाला. मार्गशीर्षात घरी पाहुणे आले, गोडधोड झाले, त्याची कथा काही निराळी नाही.

नात येत्या मे महिन्यात मैत्रिणींबरोबर नॉर्वेला जाणार आहे. खुशाल जावे. गायरांगरची खाडी खरोखरच पाहण्यासारखी असणार. तिच्या काठांवर, उंच कड्यांच्या कुशीत, माणसांनी सोडून दिलेली जुनी शेतघरे आहेत, हे तिने आता मुद्दाम वाचून ठेवले आहे.

मुळशीहून आल्यानंतर चार दिवसांनी मुलगा रात्री दुकानाच्या संगणकावर बसला होता. बाबूजींची लाल वही त्याने मागून घेतली होती. देणी या सदराखाली त्याने नवे खाते उघडले, माणसाचे नाव घातले, गावाचे घातले. पुढे वस्तू आणि परिमाण विचारले गेले. यादीत किलो होते, क्विंटल होते, पोती होती, लिटर होते.

"बाबूजी, एक पायली म्हणजे किती किलो धरू?"

"किलो करू नकोस," बाबूजी म्हणाले. "पायलीच लिही."

परिमाणांच्या यादीत पायली नव्हती. त्याने ती नव्याने तयार केली आणि पुढे एक लिहिला.